संगणकांचे आरोग्य
(वार्षिक सर्वसाधारण सभेत संगणक विभागाच्या वतीने केलेले भाषण)



रुग्णालयाच्या सभेत संगणकाचा विषय कदाचित रुक्ष वाटेल; परंतु त्याचा संबंध थेट रुग्णाशी आहे.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभर थैमान घातले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ पोहोचली आणि अंदाजे १९,००० हून अधिक रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. ज्या उणिवेतून तो शिरला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच उपलब्ध करून दिली होती. अनेक संगणकांवर ती बसवलीच गेली नव्हती. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवरही सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने चालवावे लागले.

आपल्याकडे नोंदणी व लेखा विभागात विंडोज, सर्व्हरवर लिनक्स, तर काही डॉक्टरांकडे मॅक आहे. क्ष-किरण यंत्राचा संगणक जुन्याच विंडोजवर चालतो, कारण यंत्रासोबत आलेली प्रणाली नव्या आवृत्तीवर चालत नाही. यंत्र उत्तम स्थितीत आहे. केवळ संगणकासाठी ते मोडीत काढणे देणगीदारांच्या पैशाशी न्याय्य ठरणार नाही.

खरा धोका मात्र विसंगतीतून निर्माण होतो. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलिखित केलेले पत्र दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखे दिसते; एका विभागाची फाइल दुसऱ्या विभागात उघडत नाही. मग कर्मचारी पेनड्राइव्ह घेऊन विभागोविभागी फिरतात. त्यांचा हेतू रुग्णाचे काम अडू नये, हाच असतो. परंतु व्हायरसलाही तीच वाट सापडते. मॅक किंवा लिनक्सला त्या व्हायरसची बाधा झाली नाही, तरी दूषित फाइल त्यांच्यामार्फत विंडोजपर्यंत पोहोचू शकते. स्वतः आजारी न पडता रोग पसरवणारा वाहक आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. म्हणूनच केवळ ‘पेनड्राइव्ह वापरू नका’ असा फलक लावून भागणार नाही. त्याची गरजच उरू नये, अशी व्यवस्था आपण उभारली पाहिजे.

त्यासाठी काही गोष्टी आवश्यक आहेत. जुन्या यंत्रांचे संगणक, विलगीकरण कक्षाप्रमाणे, जाळ्याच्या स्वतंत्र भागात ठेवावेत. सर्व मराठी पत्रव्यवहार युनिकोडमध्ये व्हावा. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. माहितीची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी आणि ती परत वाचता येते की नाही, हे अधूनमधून पडताळावे. छापील केसपेपर व नोंदवह्या प्रत्येक विभागात तयार असाव्यात. संगणक बंद पडला तरी रुग्णाचा रक्तगट आणि औषधांची नोंद थांबता कामा नये.

विश्वस्त मंडळास एक नम्र विनंती आहे. यापुढे कोणतेही यंत्र खरेदी करताना किंवा देणगी म्हणून स्वीकारताना, त्याच्या संगणकास सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे.

आणि सहकाऱ्यांना सांगणे एवढेच, की पडद्यावर काही विपरीत दिसल्यास ते लपवू नका. चूक कोणाची, हे नंतर पाहता येईल. ताप अंगावर काढला तर आजार बळावतो, हे आपल्याला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.