यकृतातील चरबी मोजणारे चुंबक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. डॉक्टरकीचा आव आणणार नाही. समजून घेतले तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

एखाद्या बाईच्या रिपोर्टात ‘यकृतावर चरबी’ असे आले की कुजबुज सुरू होते, ‘ही पिते की काय?’ बिचारी लाजेने दुखणे लपवते. भगिनींनो, दारूचा थेंबही न शिवलेल्या, अंगाने किडकिडीत बाईच्या यकृतातही चरबी साठू शकते.

वरून पाहून ती कळत नाही. दूध दिसायला सारखेच पांढरे. डेअरीवर फॅट लावल्याखेरीज भाव ठरत नाही. माणसाचेही तसेच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांची २१.२!

मग यकृताचे ‘फॅट’ कसे लावायचे? सोनोग्राफीत थोडी चरबी निसटते. सुईने तुकडा काढावा, तर तो कणभर. तिसरा मार्ग मोठ्या चुंबकाच्या यंत्राचा. त्यात पाणी आणि चरबी रेडिओलहरींना वेगवेगळ्या सुरात उत्तर देतात. चुंबक जितके जबर, तितके दोन सूर स्पष्ट वेगळे होतात. ३ टेस्लाच्या यंत्रात ते १.५ टेस्लाच्या दुप्पट दूर जातात. यकृताचा दोन-तीन सेंटिमीटरचा चौकोनी भाग निवडतात, आपण थोडा वेळ श्वास रोखायचा, आणि सुरांच्या मापावरून टक्केवारी निघते. अमेरिकेतील डॅलस येथील अभ्यासातून २००५ साली ५.५६ टक्के ही मर्यादा पुढे आली. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. मात्र मंगळसूत्र, जोडवी, पिना बाहेर ठेवाव्या लागतात. पेसमेकर असल्यास आधी सांगावे.

ही तपासणी मुख्यतः संशोधनासाठी आहे. प्रत्येकीने तिच्यामागे धावू नये. आपल्या शिवणाच्या डब्यात टेप आहेच. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असली किंवा मधुमेह असला, तर डॉक्टरांना यकृताबद्दल विचारावे. २०२१ साली सरकारनेही हा आजार आपल्या आरोग्य कार्यक्रमात घेतला. तेव्हा घाटीत विचारायलाही संकोच नको. वजन जादा असल्यास ते शेकडा ७ ते १० ने उतरले तर यकृतातील चरबी कमी होते. यासाठी ‘वाया जाऊ नये’ म्हणून उरलेसुरले आपल्या पोटात लोटण्याची सवय प्रथम सोडू या.

आणि यापुढे कोणा भगिनीच्या यकृतात चरबी निघाली, तर कुजबुजण्याऐवजी तिला विचारू या, ‘पहाटे हिमायतबागेत आमच्याबरोबर चालायला येता का?’