घर भाड्याचं चालेल, पत्ता आपला हवा



आज मला पॉडकास्ट करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या तरुण मित्र-मैत्रिणींशी बोलायचं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे पॉडकास्टमध्ये काय बोलावं हे सांगणार नाही. तो ज्या घरात राहतो ते घरच बंद झालं तर काय करायचं, एवढंच सांगतो.

माझी मामेबहीण आणि तिची मैत्रीण रत्नागिरीकडच्या वयस्कर मुस्लिम बायकांशी गप्पा मारून त्या रेकॉर्ड करतात. शाळा कधी सुटली, नवरा आखातात गेल्यावर घर कसं चालवलं, हे त्या बायका आपल्या कोकणी बोलीत सांगतात. ऐकणाऱ्यांत कुवेत-कतारला नोकरी करणारी त्यांचीच मुलं-नातवंडं बरीच आहेत. बोलणाऱ्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. मध्यंतरी त्यांच्या नेटवर्कचा मेल आला, महिनाभरात आम्ही बंद करतोय. बहिणीने विचारलं, "भाई, दुसरीकडे नव्याने सुरू करू का?" मी म्हटलं, नव्याने नको. आहे तोच हलवू.

हा फरक नीट समजून घ्या. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक फीड. तिला आरएसएस म्हणतात. दचकू नका, हा संगणकातला आरएसएस! ही मजकुराची साधी फाइल असते. तिच्यात प्रत्येक भागाचं नाव, तारीख आणि ऑडिओ कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. अॅपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले, तेव्हापासून पाया हाच आहे. त्यांच्या यादीत तुमच्या फीडचा पत्ता असतो आणि अॅप त्या पत्त्यावर जाऊन नवा भाग आला का, ते बघत राहतं.

नेटवर्कचं डोमेन बंद झालं की अॅप बंद दारावर थाप मारत राहतं. श्रोत्याला कुणी काही कळवत नाही. तुमच्याकडे त्याचा फोन नंबरही नसतो. कतारमधल्या नातवाला वाटतं, या मुलींनी काम सोडलं. तुम्ही नवा पॉडकास्ट काढलात तरी तो शोधायला हवा, हेच त्याला माहीत नसतं.

उपाय आहे. नव्या होस्टवर जुनी फीड आणायची. प्रत्येक भागाला जीयूआयडी नावाचा ओळखक्रमांक असतो, तो तसाच ठेवायचा. बदलला तर अॅपला जुने भाग नवे वाटतात आणि ते श्रोत्याला पुन्हा दिसू लागतात. मग जुन्या पत्त्यावर ३०१ रिडायरेक्ट लावायचं. घर बदलल्यावर पोस्टात अर्ज देतो, तसंच हे: आम्ही कायमचे हललो, आमची पत्रं इकडे पाठवा. हे किमान चार आठवडे ठेवा, असं अॅपल सांगतं. पण ही चिठ्ठी जुन्या दारावर लावायची असते आणि त्या दाराची किल्ली नेटवर्ककडे असते. म्हणून दार उघडं आहे तोवर मागणी करा, लेखी करा. राग नंतरही काढता येतो. आम्हाला रिडायरेक्ट शेवटच्या आठवड्यात मिळालं, तेही बरेच फोन केल्यावर.

आता हक्काचं बघू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ध्वनिमुद्रण केलं, तो त्याचा निर्माता. ते हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून सही करण्याआधी बघा: हक्क कोणाचे, किती वर्षांचे, आणि नेटवर्क बंद झालं तर फीडचं काय. त्या बायकांनी आपला आवाज तुमच्या भरवशावर दिलाय, नेटवर्कच्या नाही.

मोठं नाव म्हणजे कायमचं घर, हा समजही सोडा. स्टिचर हे अॅप ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झालं. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. तरी ज्यांची खुली फीड चालू होती, ते पॉडकास्ट दुसऱ्या अॅपवर ऐकता आले. अॅप मेलं, पत्ता जिवंत राहिला.

आमचा पॉडकास्ट आता एका साध्या, पैसे घेणाऱ्या होस्टवर आहे, पण फीडचा पत्ता बहिणीच्या स्वतःच्या डोमेनवर आहे. उद्या हा होस्टही बंद झाला, तर रिडायरेक्टसाठी कुणाची विनवणी करावी लागणार नाही. मूळ रेकॉर्डिंग दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक तिच्या घरी, एक माझ्याकडे.

तुमचं नेटवर्क आज छान चालत असेल, तर हीच योग्य वेळ आहे. या आठवड्यात तीन गोष्टी तपासा. मूळ फाइली तुमच्याकडे आहेत का? फीडमध्ये नोंदवलेला ईमेल तुमचा आहे की नेटवर्कचा? मालकी पडताळताना बऱ्याच सेवा त्याच ईमेलवर कोड पाठवतात. आणि करारात बाहेर पडायची वाट लिहिली आहे का?

चहाच्या वेळेत मी मागच्या टेबलावर बसतो. ज्यांना आपली फीड तपासून बघायची आहे, त्यांनी फोन घेऊन या. पाच मिनिटांचं काम आहे.