तिथीची पाऊणपट



कोकणच्या किनाऱ्यानं गाडी घेऊन निघायचं असेल, तर नकाशाच्या आधी पंचांग उघडावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनव-अवसेला बाराच्या सुमारास. तिथून सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मला बागमांडल्याच्या धक्क्यावर एका वयस्कर काकांनी शिकवला. फाल्गुनातली षष्ठी होती, सकाळचे साडेदहा वाजले होते. म्हणजे पुरती ओहोटी. धक्क्याचा उतार उघडा पडलेला, त्यावर शेवाळ. फेरीबोटीवर गाडी चढवताना माझे हात घामेजले, तेव्हा काका म्हणाले, "दुपारी चारनंतर आला असतात तर सपाट रस्ता मिळाला असता."

हरिहरेश्वरहून आलेला रस्ता इथं सावित्रीच्या खाडीपाशी संपतो. पलीकडे वेसवी आणि बाणकोट. सह्याद्री इथं समुद्राच्या इतका जवळ, की नद्या लांबीला तोकड्या. पण भरतीचं पाणी त्यांच्या मुखातून थेट आत शिरतं. म्हणून किनारा खाड्याखाड्यांनी तुटलेला. दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला चिपळूणवरून जायचं, तर शंभरावर किलोमीटर पडतात. 2003 साली तिथं गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली, तेव्हा हा वळसा वाचला.

वेसवीहून मी वेळासला मुक्काम केला. हे नाना फडणविसांचं गाव, पण आता माणसं येतात ती कासवांसाठी. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ती अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला बरोबर घेऊन ती जपायला घेतली. कुंपणातल्या वाळूत अंडी पुन्हा पुरतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यावर पालथी घातलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. मी होतो त्या संध्याकाळी पहिल्या दोन टोपल्यांखाली नुसती वाळू. तिसरीखाली अकरा. तळहातात मावतील अशी, काळपट. वाळूवर सोडल्यावर त्यांना कुणी दिशा सांगितली नाही. एकाला लाटेनं तीनदा मागं फेकलं. चौथ्यांदा ते दिसेनासं झालं, आणि आम्ही पंचवीस-तीस माणसं एकदम गप्प झालो.

पुढं केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळीचा लिलाव. सुवर्णदुर्ग पाण्यात उभा. आंजर्ल्याच्या खाडीवर आता पूल आहे. मी तो दोन मिनिटांत ओलांडला आणि खाडी नीट पाहिलीसुद्धा नाही. बाणकोटची खाडी मात्र मला अजून वासासकट आठवते. रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात मोठ्या खाड्यांवरही पूल आहेत. ते व्हायलाच हवेत. शेवटची बोट चुकलेल्या आजारी माणसाला रात्री थांबायला सांगणं मला पटत नाही. पण पूल झाल्यावरही दिवसाच्या चार फेऱ्या राहाव्यात, असं मला मनापासून वाटतं. पुलावरून खाडी खाली दिसते. बोटीवर ती आपल्या बरोबरीला असते.

दाभोळला पोचलो तेव्हा अष्टमी होती, संध्याकाळचे सहा. वाशिष्ठीची खाडी काठोकाठ भरलेली. गाडी अलगद बोटीवर चढली. शेजारी मासळीची रिकामी पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या.

"परत कधी?" त्यांनी विचारलं.

"परवा."

त्या काही बोलायच्या आत मी मनात हिशेब करत होतो : परवा दशमी, म्हणजे साडेसात.