लिंक ॲपच्या आतच उघडते तेव्हा

शनिवार-रविवार केळव्याला यायचं, तर खोली आता मोबाईलवरच शोधतात. एखाद्या ॲपमध्ये होमस्टेची लिंक दिसते, आपण दाबतो आणि पान त्याच ॲपच्या आत उघडतं. अँड्रॉइडवर या खिडकीला वेबव्ह्यू म्हणतात. दिसते ब्राउझरसारखी, पण ताबा ॲपवाल्याचा.

पान उघडताना फोटो, फॉन्ट, जाहिरात, प्रत्येकासाठी वेगळी रिक्वेस्ट जाते. वेबव्ह्यूमध्ये 'शुड इंटरसेप्ट रिक्वेस्ट' नावाची मेथड असते. डेव्हलपरनं ती वापरली, की बहुतेक रिक्वेस्ट आधी तिच्याकडे येतात. तिनं 'नल' परत केलं तर रिक्वेस्ट पुढे जाते. रिकामं उत्तर दिलं तर जाहिरात गायब! रेंज कमी असेल तिथे हे बरंच की. शिवाय 'पोस्ट' पद्धतीनं पाठवलेल्या फॉर्ममधला मजकूर या मेथडला मिळत नाही.

मग निर्धास्त? छे. तेच ॲप पानात स्वतःची जावास्क्रिप्ट घालू शकतं आणि तिला तुम्ही टाइप केलेलं अक्षरन् अक्षर वाचता येतं. 2022 मध्ये फेलिक्स क्राउझ यांनी दाखवलं, की आयफोनवर इन्स्टाग्राम आणि टिकटॉक आतल्या ब्राउझरमध्ये आपला कोड घालतात. माहिती चोरली जाते असं मात्र त्यांनी म्हटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. गूगलनं तर 2021 मध्ये वेबव्ह्यूमधून गूगल लॉगिन करणंच बंद केलं.

मी ॲडव्हान्स भरताना कोपऱ्यातली तीन टिंबं दाबून पान ब्राउझरमध्ये उघडतो. तो पर्याय नसेल, तर लिंक कॉपी करून क्रोममध्ये टाकतो.