उदासीन आणि अनास्था



आपण इंदूरकर. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यामुळे काही शब्दांचे अर्थ एकमेकांत मिसळतात. 'उदासीन' हा त्यांतलाच. 'आज मन उदासीन आहे' म्हटले की खिन्नता कळते. 'सरकारी उदासीनता' म्हटले की बेपर्वाई.

मूळ अर्थ वेगळा आहे. उद् म्हणजे वर, आसीन म्हणजे बसलेला. बाजूला, थोडे उंचावर बसून पाहणारा तो उदासीन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला उदासीन राजा शत्रु-मित्रांच्या भांडणाबाहेरचा, पण सर्वांहून बलवान. गीतेच्या 12व्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत हा शब्द येतो, तो 'दक्ष' या शब्दाला लागूनच. म्हणजे पक्षपात नाही, पण लक्ष पुरते आहे.

आपण रोज ज्याला उदासीनता म्हणतो, तिचे खरे नाव अनास्था. 'आस्था' या शब्दात स्था धातू आहे, म्हणजे उभे राहणे. अनास्थेला कुणासाठी उठायचेच नसते. ती 'असेना का' म्हणते, 'चालायचंच' म्हणते. आपली मुले 'अपने को क्या' म्हणतात.

गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या एक आजी अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना आल्या नाहीत. वर्षानुवर्षे त्या पहिल्या रांगेत बसत. सतरंजीवरची त्यांची रिकामी जागा आपल्या सर्वांना दिसली. 'मुलाकडे गेल्या असतील,' असे आपण एकमेकांना सांगितले आणि आरतीला उभे राहिलो. त्या चार गल्ल्या पलीकडे पाय मोडून अंथरुणावर होत्या. आपल्याला कळले दिवाळीनंतर. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. 'आवर्तनं पूर्ण झाली ना?' एवढेच विचारले.

तेव्हा आपल्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, कुणाशी भांडायचे नव्हते. एक फोन करायचा होता. तोही झाला नाही, आणि त्याला तटस्थपणा म्हणता येणार नाही.

म्हणून यंदा सभासदांच्या वहीत एक रकाना वाढवला आहे: 'चौकशी कोण करणार?' एकट्या राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ सभासदापुढे एक नाव हवे आहे. आज सकाळपर्यंत निम्माच रकाना भरला होता. वही दारापाशी, चपलांच्या शेजारच्या टेबलावर आहे. जाताना नाव लिहून जावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!