खव्याची कढई आणि नफ्याचे माप

(भूम येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



‘फास्ट फूड’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईची काचेची दुकाने येतात. मॅक्डोनल्ड्सचे पहिले दुकान या देशात १९९६ साली उघडले, तेव्हा त्याविरुद्ध आपल्याकडे पुष्कळ भाषणे झाली. त्या भाषणांत बर्गरच्या परकेपणाबद्दल जितके बोलले गेले तितके त्याच्या हिशेबाबद्दल बोलले गेले नाही. वस्तुतः शिकण्यासारखा होता तो हिशेबच. अशा साखळीतील मूळ कंपनी दुकान चालवणाऱ्याकडून आपला वाटा घेते, तो त्याच्या नफ्यावर नव्हे, विक्रीवर. उरलेले अन्न कचऱ्यात गेले, वीज महागली, पगारवाढ द्यावी लागली, तरी वरचा वाटा आधी बाजूला निघतो. घरपोच अन्न पोचवणाऱ्या कंपन्यांची दलालीही याच पद्धतीची. नासाडी खालच्याच्या पदरात आणि टक्केवारी वरच्याच्या, असा हा करार आहे.

आता भूमकडे येऊ. सोलापूर-धुळे महामार्गावर सरमकुंडी फाट्याला मोटार थांबते, उतारू पाव किलो पेढे घेतात आणि पाच मिनिटांत मोटार निघते. यापेक्षा जलद खाद्य ते कोणते? त्या पेढ्याच्या मागे भूम-वाशी-परंड्याच्या गावोगावच्या खव्याच्या भट्ट्या आहेत. हा धंदा येथेच का वाढला याचे उत्तर भूगोलात आहे. बालाघाटाचे हे पठार अवर्षणप्रवण. शेती बेभरवशाची, म्हणून दावणीला जनावर. भूमला रेल्वे नाही, मोठे शहर लांब. दूध काही तासांत नासते. ते आटवून खवा केला तर एकदोन दिवस टिकतो आणि एसटीच्या टपावरून शहरात पोचतो. खवा म्हणजे दुधाला विकत घेऊन दिलेली थोडीशी सवड. आपला आजचा सारा विषय या सवडीचा आहे.

किलोभर खव्याला गायीचे साधारण साडेपाच लिटर दूध लागते, म्हशीचे थोडे कमी. म्हणजे सुमारे साडेचार लिटर पाण्याची वाफ करावी लागते, आणि ती लाकडाच्या जाळावर. जोवर ती होत नाही तोवर कढईतले खुरपे क्षणभरही थांबून चालत नाही; थांबले की खवा खाली लागतो, आणि लागलेल्या खव्याचा भाव पडतो. पत्र्याच्या शेडमध्ये, वैशाखात, जाळापुढे, धुरात उभे राहून खुरपे फिरवणारा माणूस या धंद्याचा कणा आहे. पुष्कळ भट्ट्यांवर तो घरचाच असतो आणि घरच्या बाईच्या श्रमाची तर मजुरी म्हणून नोंदही होत नाही.

हिशेब मांडू. आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पाहावेत. समजा दूध ३० रुपये लिटर. किलो खव्याला १६५ रुपयांचे दूध, लाकूड आणि मजुरी मिळून ३५, एकूण २०० रुपये. व्यापाऱ्याने २२० रुपये दिले तर भट्टीवाल्याला किलोमागे २० रुपये सुटतात. दहा किलोंत एक किलो आंबला, तर खर्च २००० आणि आवक नऊ किलोंची, म्हणजे १९८० रुपये. सारा नफा जाऊन वर २० रुपयांचे देणे. आता पेढ्याच्या दुकानात चला. तोच खवा २२० रुपयांचा. त्यात पंधरा रुपयांची साखर, म्हणजे वजन सवा किलोच्या आसपास. नोकर, इंधन, भाडे, खोके यांचे ११५ धरले तर खर्च ३५०. पेढा ४०० रुपये किलो गेला तर आवक ५००, नफा १५०. दुकानातही दहात एक भाग वाया गेला असे धरा: खर्च ३५००, आवक ४५००, आणि तरीही हजार रुपये हातात. नासाडीचे प्रमाण दोघांचे सारखेच, पण एक बुडतो आणि दुसऱ्याला ती जाणवते एवढेच. (यातील गंमत अशी की पेढ्यातली साखरसुद्धा खव्याच्या भावाने विकली जाते; नफ्याचा एक बारीक धागा तेथेही आहे.)

दुकानदार दुष्ट आहे असे यातून निघत नाही. त्याच्याकडे शीतपेटी आहे, भांडवल आहे, भाव पडला तर दोन दिवस थांबण्याची ऐपत आहे. भट्टीवाल्याला उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसाची खात्री नसते. दिवाळी सरली, लग्नसराई आटोपली की मागणी उतरते. गाय मात्र दूध द्यायचे थांबत नाही. त्या आठवड्यात जो थांबू शकतो तो भाव ठरवतो, आणि जो थांबू शकत नाही तो तो भाव घेतो. त्यातच गुजरातेतून ‘बर्फी’ या नावाने येणारा, दूधभुकटी आणि वनस्पती तेलाचा स्वस्त माल खव्याच्या जागी वापरला जातो. सणाच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासन साठे पकडते. वर्षाचे उरलेले दिवस हा माल खऱ्या खव्याचा भाव खाली ओढतो.

अन्नाच्या नासाडीवर आजकाल पुष्कळ लिहिले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के घरांत आणि २८ टक्के खाद्यगृहांत. त्यावरून ताटात टाकू नका असा उपदेश निघतो. तो योग्यच आहे. पण पंगतीतल्या पानात टाकलेला पेढा आणि भट्टीवर आंबलेला खवा यांचा गुन्हेगार एकच धरता येत नाही.

सरकार काय करते? २०२० च्या टाळेबंदीत राज्य सरकारने रोज दहा लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये आणि पुढे सात रुपये अनुदान जाहीर झाले. दोन्ही पावले स्वागतार्ह. परंतु दोन्हींची वाट सहकारी वा खासगी दूधसंघाच्या दारातून जाते. भट्टीच्या कढईत ओतलेले दूध त्या वहीत चढत नाही. मजुरांचे म्हणाल तर कायदा त्यांना ओलांडूनच जातो. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा दहा कामगारांच्या जागेपासून लागू होत असे. ती मर्यादा वीसवर नेण्याच्या बदलाला मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेत ‘कारखाना’ म्हणायला विजेवर वीस आणि विजेविना चाळीस माणसे लागतात. पाच-सात जणांची भट्टी कोणत्या कलमात शोधायची? फाट्यावरच्या हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोराचीही हीच कथा.

कुंथलगिरी हे भूम तालुक्यातले जैन सिद्धक्षेत्र. १९५५ साली आचार्य शांतिसागरांनी तेथे सल्लेखना घेतली. त्या गावाच्या नावाने येथील खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे, पण १९९९ चा तो कायदा वाचावा. त्यातील ‘उत्पादक’ या शब्दाच्या व्याख्येत प्रत्यक्ष करणारा येतो, तसा त्या मालाचा व्यापार करणाराही येतो. खुरपे धरणारा मजूर मालाचा धनी नाही, म्हणून तो त्या व्याख्येत कुठे बसतो हे विचारावे लागते. नावाची किंमत वाढेल तेव्हा ती कोणाच्या खिशात जायची, हे आज ठरते आहे.

येथे आपल्या चळवळीनेही थोडे आरशात पाहावे. १९५० साली प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याच्या पाठीशी होता, आणि सहकाराने शोषण संपेल अशी प्रामाणिक श्रद्धा होती. ऊस उत्पादक सभासद झाला, मालक झाला. ऊस तोडणारा झाला नाही. तो याच धाराशिव-बीडच्या गावांतून कोयता घेऊन गेला आणि मुकादमाच्या उचलीत राहिला. खव्याचा सहकार जर भट्टीमालकांपुरताच निघाला तर तीच चूक लहान प्रमाणावर पुन्हा होईल.

दुसरे उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. हमालाला परवडेल अशा दरात भाकरी-भाजी, ना नफा ना तोटा या तत्त्वावर. खाणारेही कष्टकरी, रांधणारेही कष्टकरी, आणि स्वयंपाकघरातल्या बाईचे काम तेथे काम म्हणून मोजले गेले. तेही जलद खाद्यच होते. मोठ्या शहरात संघटित गिऱ्हाईक होते म्हणून ते साधले, हे खरे; भूमला ती सोय नाही. तेथून घ्यायची ती रचना.

तेव्हा मागणी कशाची करायची? केवळ खव्याला हमीभाव मागून भागणार नाही, कारण नासणाऱ्या मालाचा हमीभाव साठवणीवाचून कागदावर राहतो. पहिली मागणी शीतगृहाची, तालुक्याच्या ठिकाणी आणि सामाईक मालकीचे. त्यात ठेवलेल्या खव्यावर जिल्हा बँकेने वा अन्य बँकेने उचल द्यावी, म्हणजे पडत्या आठवड्यात विकण्याची सक्ती सुटेल. दुसरी, वाफेवर चालणाऱ्या यंत्रकढईसाठी अर्थसाहाय्य. यंत्राने चार हात कमी होतील अशी भीती काही साथी बोलून दाखवतात. धुरात डोळे घालवणे हा रोजगार टिकवण्याचा मार्ग होऊ शकत नाही; यंत्र कोणाचे असेल एवढा प्रश्न मात्र विचारायचा. आणि तो प्रश्न संस्थेच्या उपविधीत सुटतो, भाषणात नाही. १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदणीसाठी उपविधींचा मसुदा द्यावा लागतो. त्या मसुद्यात दूध घालणारा, भट्टी चालवणारा आणि खुरपे फिरवणारा असे तिन्ही सभासद असावेत, संचालक मंडळात तिघांच्या जागा राखीव असाव्यात आणि भट्टीवर राबणाऱ्या बाईचे नाव तिच्या नवऱ्याच्या नावाखाली न येता स्वतंत्र लागावे. दिवाळीनंतरच्या मंदीच्या महिन्यात भट्टीवर थोडी सवड असते. भूम-वाशीच्या गावांतून त्या वेळी फिरून या मसुद्यावर बैठका घ्याव्यात, आणि पहिल्या बैठका भट्टीवर, पेटलेल्या कढईशेजारीच व्हाव्यात.