भूगोल शिकवायचा कशासाठी?



राजधान्या, नद्या आणि पिके यांच्या याद्या पाठ करणे म्हणजे भूगोल, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. परीक्षेपुरते त्याने भागते. पण आपण ज्या भूमीवर राहतो ती विद्यार्थ्याला वाचता यावी आणि त्या वाचनावरून निर्णय घेता यावा, हा या विषयाचा खरा हेतू होय.

या दृष्टीने पेण आणि रोहे हे तालुके म्हणजे उघडी प्रयोगशाळाच आहेत. पेणच्या खारेपाटातील भातशेती मातीच्या बांधांनी राखली आहे. ओहोटीच्या वेळी उघाडीतून आतले पाणी बाहेर पडते. भरतीच्या वेळी तीच उघाडी खारे पाणी अडविते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली, तर शिवार खारे होते. चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाचा पाठ येथे शेतकऱ्याच्या कणगीशी जोडलेला आहे.

रोह्याची कुंडलिका उन्हाळ्यातही का वाहते, हे मुलांना विचारावे. मुळशी धरणाचे पाणी मुळा, भीमा आणि कृष्णा या नद्यांतून बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. ते सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे आणून १९२७ पासून वीज निर्माण केली जाते आणि मग ते कुंडलिकेतून अरबी समुद्रास मिळते. धाटावच्या उद्योगांचा विचारही या नदीला वगळून होत नाही. याच धरणात जमिनी जाणार म्हणून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. जलविभाजक, ऊर्जा, उद्योग आणि न्याय या चारही गोष्टी एकच नदी शिकवून जाते.

हा प्रश्न जीविताचाही आहे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाड्यात हाहाकार उडविला. ही नदी पुढे रोहे तालुक्यातील नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीकडे जाते. जुलै २०२१ मध्ये तळीये आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी या आपल्याच जिल्ह्यातील वस्त्या दरडींखाली गेल्या. यात दोष तेथील रहिवाशांचा नव्हे. मात्र समोच्चता रेषा दाटतात तेथे उतार तीव्र असतो, हे केवळ गुणांसाठी शिकविले, तर ते ज्ञान वाया गेले असेच म्हणावे लागेल.

म्हणून प्रत्येक शाळेने पावसाळ्यापूर्वी गावाचा नकाशा विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्यावा. जुन्या पुराची पातळी, तीव्र उतार, बांध, उघाड्या आणि सुरक्षित उंचवटे त्यात दाखवावेत. वडीलधाऱ्यांना विचारून माहिती पडताळावी आणि नकाशा ग्रामपंचायतीत लावावा. खारेपाटाचा बांध समजलेल्या मुलाला नेदरलँड्सचे समुद्रबांध परके वाटणार नाहीत. जगाचा भूगोल आपल्या शिवारापासूनच सुरू होतो.